प्रलय, पृथ्वी, पिनाका: 500 किलोमीटरच्या आकड्यात किती दम?

विभाग: विज्ञान आणि संरक्षण

बोरीकाठ (अमळनेर), शनिवार रात्री 9:12

गावातल्या झाडून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक चित्र फिरतंय. नकाशाच्या मधोमध जळगाव, भोवती लाल वर्तुळ आणि खाली मोठ्या अक्षरात: "प्रलय जळगावात ठेवलं तर मुंबई, पुणे, सुरत, नागपूर सगळं टप्प्यात!" प्रलय म्हणजे 500 किमी पल्ल्याचं आपलं क्षेपणास्त्र. आपण ते मुंबईवर का सोडावं, हे एकानेही विचारलेलं नाही.

मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. पोरांनी हेच चित्र वर्गात पुढे केलं. म्हटलं, चला, प्रोजेक्टाईलचा धडा दरवर्षी क्रिकेटच्या चेंडूवर उरकतो, यंदा हे घेऊ.

आधी अंतरं. सरळ रेषेत मोजली तर जळगाव ते वरणगाव साधारण 36 किमी. पिनाका रॉकेटचा मूळ पल्ला 37.5 किमी, म्हणजे तेवढाच. पाकिस्तानचं नस्र 2011 मध्ये आलं तेव्हा 60 किमी सांगितलं, 2017 मध्ये 70 केलं. ते जळगावहून रावेर गाठून थोडं पुढे जाईल. रशियाचं तोचका-यू 120 किमी, म्हणजे दोंडाईचा ओलांडून. आपल्या पृथ्वी क्षेपणास्त्राची पहिली आवृत्ती 150, आपलंच प्रहारही 150: नंदुरबार. आणि प्रलयचे 500 म्हणजे जवळजवळ हैदराबाद. ज्या रिसर्च सेंटर इमारत या प्रयोगशाळेने प्रलय बनवलं, ती हैदराबादचीच.

आता गणित. हवेचा रोध सोडून द्या, पृथ्वी सपाट धरा (फक्त या धाग्यापुरती!). 45 अंशांवर फेकलेली वस्तू जास्तीत जास्त लांब जाते, आणि ते अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले g (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण). 150 किमीसाठी सेकंदाला 1.2 किमी वेग लागतो. 300 साठी 1.7 आणि 500 साठी 2.2. सर्वात उंच बिंदू पल्ल्याच्या चौथाई. म्हणजे 300 किमीच्या माऱ्यात वस्तू 75 किमी उंच जाते आणि चार मिनिटांत खाली येते. 500 किमीला सव्वापाच मिनिटं. अमळनेरहून रिक्षा स्टेशनला पोचेपर्यंत खेळ खलास.

पण माझ्या मते पल्ला हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी सांगणारा आकडा आहे. आदेश आल्यापासून ते किती वेळात उडतं आणि शेवटी नेमकं कुठे पडतं, यावर रणांगणावरच्या क्षेपणास्त्राची किंमत ठरते. जाणकारांनी भर घालावी. धुळ्याचे आमचे फौजी काका इथे असतात, त्यांची वाट बघतोय.

पारोळेकर, शनिवार रात्री 9:40

सर, समदं डोकावरथीन गयं. बॅलिस्टिक म्हंजे काय, आणि ते ब्रह्मोस येगळं कसं, माले सोपं करीसन सांगा बरं.

बोरीकाठ, शनिवार रात्री 9:58

भाऊ, बॅलिस्टिकला इंजिनाचा जोर फक्त सुरुवातीला मिळतो, साधारण पहिल्या मिनिटात. नंतर इंजिन बंद, पुढचा प्रवास गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर. ब्रह्मोस क्रूझ जातीचं. त्याचं इंजिन शेवटपर्यंत चालू असतं, ते हवा आत ओढत जमिनीलगत जातं, आवाजाच्या 2.8 पट वेगाने.

प्रलय या दोन्हींच्या मधलं. त्याला क्वासी-बॅलिस्टिक म्हणतात. उडतं बॅलिस्टिकसारखं, पण वाट जरा चपटी, आणि वाटेत वळू शकतं. हे वळणं का महत्त्वाचं ते पुढे सांगतो. आधी काकांना बोलू द्या.

जय_खान्देश, शनिवार रात्री 10:05

एवढा काथ्याकूट कशाला? ब्रह्मोस आहे ना आपल्याकडे. तेवढंच पुरे.

निवृत्त_गनर (धुळे), रविवार सकाळी 6:30

सर्वांना रामराम. मी तोफखान्यात होतो, देवळालीला शिकलो. जे छापून आलंय तेवढंच बोलेन.

सरांनी मुद्द्याला हात घातलाय. बाहेरच्या लोकांना वाटतं, बटण दाबलं की मिसाईल गेलं. पृथ्वीचं उदाहरण घ्या. 1983 ला क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम सुरू झाला, त्यातलं हे पहिलं पिल्लू. 25 फेब्रुवारी 1988 ला श्रीहरिकोट्याहून उडालं. एक टन स्फोटक 150 किमीवर नेणारं, त्या काळात मोठीच गोष्ट. पण इंधन द्रव. एक टाकी इंधनाची, दुसरी लाल धुराच्या नायट्रिक ॲसिडची. त्यामुळे लाँचर एकटा हिंडू शकत नाही. मागे टँकर, इंधन भरणाऱ्या गाड्या, ॲसिडचे सूट घातलेली माणसं, आग विझवणारी गाडी, अशी सगळी वरात. आणि ही वरात वरून दिसते. रणांगणावर जो दिसला तो मेला.

घनइंधनाचं मिसाईल कारखान्यातून भरूनच येतं. झाडाखाली उभा असलेला ट्रक रस्त्यावर येतो, जागा घेतो, सोडतो, निघून जातो. शत्रूचं रडार उड्डाण पकडेल, उलटा मारा त्या जागेवर येईल, पण तोवर ट्रक दुसऱ्या गावात. आम्ही तोफांनाही हेच शिकवायचो: मारा आणि हला.

1991 च्या आखाती युद्धात इराककडे द्रवइंधनाची स्कड होती. भरायला वेळ खाणारी, जुनाट. तरी मित्रदेशांच्या विमानांनी आठवडेच्या आठवडे वाळवंट पिंजून काढलं आणि एकही फिरता लाँचर नक्की उडवल्याचा पुरावा पुढे मिळाला नाही. जुन्या स्कडचं हे, तर घनइंधनवाल्याचं काय होईल, विचार करा.

जय_खान्देश, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: सैन्याला एकाच मापाचा पाना पुरत नाही. ब्रह्मोसचं वॉरहेड, म्हणजे टोकातलं स्फोटक, 200 ते 300 किलोचं. बॅलिस्टिकवाला 500 ते 1000 किलो घेऊन वरून जवळपास उभा खाली येतो. जाड काँक्रीटचा निवारा, धावपट्टी, दारूगोळ्याचं कोठार, अशा लक्ष्याला वरून येणारा जड घाव लागतो. जहाज किंवा डोंगराआडचं नेमकं ठिकाण असेल तर ब्रह्मोस.

सराफबाजार (जळगाव), रविवार सकाळी 8:15

काका, ते लाल धुराचं ॲसिड वाचून अंगावर काटा आला. आमच्या कारागिरांकडे सोनं शुद्ध करायला तेजाब लागतो, तोही नायट्रिकच. चांदी विरघळताना जो तांबूस धूर निघतो त्याने घसा धरतो, म्हणून गच्चीवर, वाऱ्याची दिशा बघून काम. आमचं काम बाटलीभर तेजाबाचं. टँकरभर घेऊन शेतातून हिंडायचं म्हणजे...

निवृत्त_गनर, रविवार सकाळी 8:40

तोच धूर, फक्त तुमच्यापेक्षा कितीतरी जहाल. वाफेत नायट्रोजन डायॉक्साईड. टाकी खाऊ नये म्हणून त्यात थोडं दुसरं रसायन घालतात. आणि ते इंधनाला नुसतं भेटलं की पेट घेतं, काडी लागत नाही. इंजिनासाठी हे सोयीचं, भरणाऱ्या जवानासाठी नाही.

वरणगाव_रोड, रविवार सकाळी 10:20

मी आयुध कारखान्यातून निवृत्त. आमच्या भागात दोन कारखाने आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. वरणगावला बंदुकीची काडतुसं होतात, भुसावळला पिनाकाचे पॉड. पॉड म्हणजे सहा नळ्यांचा गठ्ठा. लाँचरवर असे दोन बसतात, बारा रॉकेटं, 44 सेकंदांत सगळी रिकामी. 2021 पासून कारखाने वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांकडे गेले, ते एक असो.

मला घनइंधनावर बोलायचंय, कारण इथे ते फारच सोपं असल्यासारखं लिहिलं जातंय. घनइंधन म्हणजे रबरासारख्या चिकट पदार्थात अमोनियम परक्लोरेट आणि ॲल्युमिनियमची पूड कालवून, साच्यात ओतून, हळूहळू घट्ट केलेला ठोकळा. मध्ये पोकळी ठेवतात, ती आतून बाहेर जळत जाते. त्या पोकळीचा आकार गोल ठेवायचा की चांदणीसारखा, यावर सुरुवातीला किती जोर आणि शेवटी किती, हे ठरतं. एकदा पेटलं की थांबवता येत नाही, कमी-जास्त करता येत नाही.

आणि त्यात चीर नको. केसाएवढी चीर गेली तरी जळण्याचा पृष्ठभाग वाढतो, आतला दाब वाढतो, आणि मोटर हवेतच फुटू शकते. म्हणून प्रत्येक ठोकळ्याची क्ष-किरणाने तपासणी. तापमानाचंही तसंच. गरम इंधन जास्त वेगाने जळतं, थंड हळू. मे महिन्यात भुसावळला पत्र्यावर हात टेकवत नाही आणि लडाखला हिवाळ्यात उणे वीस. तेच मिसाईल दोन्हीकडे सारखंच उडायला हवं. या एका वाक्यासाठी पुण्याच्या प्रयोगशाळांत लोकांची उमेद खर्ची पडते. स्फोटकं आणि इंधनाचं काम करणारी एचईएमआरएल, आणि शस्त्रांची एआरडीई, दोन्ही पुण्याच्या, आणि प्रलयच्या कामात दोन्ही होत्या. त्या चित्रवाल्याने हे लिहिलं असतं तर निदान अभिमान तरी योग्य जागी लागला असता.

शेंदुर्णीचा_सम्या, रविवार सकाळी 11:02

काका, भुसावळला प्रलयचं पण काही होतं का? आमच्या ओळखीचा एक तिथे...

संपादक, रविवार सकाळी 11:30

शेंदुर्णीचा_सम्या यांच्या प्रतिसादाचा पुढचा भाग उडवला आहे. कारखान्यांच्या आतल्या गोष्टी, कुणाची ओळख, कुणाची ड्युटी, असलं काही इथे लिहू नये. जे सरकारने जाहीर केलंय तेवढ्यावर खुशाल भांडा.

बोरीकाठ, रविवार दुपारी 12:45

वरणगाव काकांनी माझ्या वर्गाचा अर्धा धडा घेतला, आभार.

आता वळण्याबद्दल. शुद्ध बॅलिस्टिक क्षेपणास्त्राचं इंजिन बंद झालं की पुढची वाट बारावीच्या गणिताने काढता येते. दोन-तीन क्षणांची जागा आणि वेग रडारला मिळाला की ते कुठे पडणार हे संगणक लगेच सांगतो, आणि अडवणारं क्षेपणास्त्र त्याच्या वाटेतल्या बिंदूवर नेमक्या वेळी पोचेल असं सोडता येतं. क्वासी-बॅलिस्टिक इथेच घोळ घालतं. ते वाटेत वळलं की आधीचं सगळं गणित पुसून पुन्हा मांडायचं, आणि हातात उरलेत दोन मिनिटं. शिवाय रशियाचं इस्कंदर घ्या, ते साधारण 50 किमी उंचीच्या आतच राहतं. वातावरणाबाहेर गाठून मारणाऱ्या क्षेपणास्त्रांना तिथे काम नाही, आणि पूर्ण खालच्या थरातल्यांना वेळ कमी. खालच्या दाट हवेत शेपटीचे पंख त्याला वळवतात. इंजिन जळत असेपर्यंत त्याच्या झोतात बसवलेल्या पात्यांनीही दिशा बदलता येते.

अडवणं किती नाजूक काम आहे याचं उदाहरण 1991 चंच. 25 फेब्रुवारीला सौदीतल्या धाहरानला अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर इराकी क्षेपणास्त्र पडलं, 28 जण गेले. क्षेपणास्त्रं अडवणाऱ्या तिथल्या अमेरिकी पेट्रियट यंत्रणेचं रडार शंभरेक तास बंद न करता चालू होतं. त्याचं घड्याळ सेकंदाचा दहावा भाग मोजायचं, आणि 0.1 हा आकडा बायनरीत, म्हणजे संगणकाच्या 0 आणि 1 च्या भाषेत, नेमका बसत नाही. दर वेळी किंचित चूक, ती साचत साचत सेकंदाच्या एक तृतीयांशावर गेली. तेवढ्यात येणारी वस्तू अर्ध्या किलोमीटरहून जास्त सरकते. रडारने चुकीच्या जागी पाहिलं, तिथे काही दिसलं नाही, म्हणून सोडून दिलं. ते क्षेपणास्त्र तर सरळ येणारं होतं, वळणारं नव्हतं.

माझ्या पोरांना मी हेच उदाहरण देतो, कारण ती म्हणतात, "सर, दशांशानंतर तिसऱ्या घराला काय अर्थ आहे?"

पारोळेकर, रविवार दुपारी 1:10

आते समजनं भो. बारावीले असा सर राहतात तर मी आज बँकमा राहतू.

हिशोबी, रविवार दुपारी 3:30

सगळं ठीक. पण एक मिसाईल एकदाच वापरता येतं. विमान शंभरदा जाऊन येतं. एक टन बॉम्ब टाकायला विमान असताना एवढा महाग फटाका कशाला? आमच्याकडे कपाशीला भाव नाही आणि इथे हैदराबादपर्यंत पल्ला मोजताय.

निवृत्त_गनर, रविवार दुपारी 4:15

कपाशीचं बरोबर आहे, त्यावर मी तुमच्या बाजूने.

विमानाचा हिशोब मात्र अपुरा आहे. विमान शंभरदा जातं ते परत आलं तर. लढाईच्या पहिल्या काही तासांत शत्रूची रडारं आणि विमानविरोधी क्षेपणास्त्रं शाबूत असतात. तिथे वैमानिक पाठवायचा की आधी लोखंड पाठवायचं? पहिल्या फेरीत धावपट्टी आणि रडार या मिसाईलने मोडायची, मग विमानं आत जातील. धावपट्टी फोडायला वेगळं वॉरहेड, काँक्रीट भेदायला वेगळं. प्रलयला निरनिराळी वॉरहेडं बसतात हे अधिकृतच सांगितलंय.

आणि नेमकेपणा वाढला की संख्या घटते. याला सीईपी म्हणतात, म्हणजे सोडलेल्यांपैकी निम्मी ज्या वर्तुळात पडतात त्याची त्रिज्या. जुन्या स्कडचं वर्तुळ अर्धा किलोमीटर आणि त्याहून मोठं. अशाने धावपट्टी मोडायची म्हणजे डझनांनी सोडायची. वर्तुळ दहावीस मीटरवर आलं की दोन-चारमध्ये काम. महाग मिसाईल स्वस्त पडतं ते असं.

पण तुमच्या म्हणण्यातला एक भाग मला खटकतो तसा पटतोही. संख्या. दहा मिसाईलं संचलनात छान दिसतात. 26 जानेवारी 2025 ला प्रलय राजपथावर, म्हणजे आता कर्तव्यपथावर, दिसलं, मीही टीव्हीपुढे बसून टाळ्या वाजवल्या. लढाई मात्र शेकड्यांनी खाते. युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंची कोठारं किती झपाट्याने रिकामी झाली ते सगळ्यांनी पाहिलं. शिवाय लक्ष्य शोधणार कोण? 300 किमीवरचा उभा पूल नकाशात असतो, हलणारं रडार नसतं. त्यासाठी उपग्रह, ड्रोन आणि खबर काही मिनिटांत लाँचरपर्यंत पोचवणारी साखळी लागते. ती नसेल तर 500 किमीचा पल्ला म्हणजे अंधारात मारलेला दगड.

भुसावळ_जंक्शन, रविवार संध्याकाळी 6:50

मी रेल्वेत. लक्ष्यांच्या यादीत तुम्ही लोक पूल, कोठार, धावपट्टी लिहिता आणि पुढे जाता. जंक्शन पण लिहा.

8 एप्रिल 2022 ला युक्रेनच्या क्रामातोर्स्क स्टेशनवर तोचका-यू पडलं. तेव्हा फलाटावर लढाईपासून पळून जाणारी माणसं गाडीची वाट बघत उभी होती, बाया, पोरं, सामानाच्या पिशव्या. साठेक माणसं गेली. क्लस्टर वॉरहेड होतं, म्हणजे वरच फुटून पन्नास लहान बॉम्ब फलाटभर. तुम्ही नेमकेपणा, वर्तुळ, त्रिज्या म्हणता. जंक्शनवर नेमकं पडलं तरी तिथे माणसंच असतात. यार्डात मालगाडी कुठली आणि पॅसेंजर कुठली, हे वरून येणाऱ्याला कळत नाही.

निवृत्त_गनर, रविवार संध्याकाळी 7:20

यावर वाद नाही. तोफखान्यात असलेल्या माणसाने तर मुळीच घालू नये.

मेहरूणकर_मीरा, रविवार रात्री 8:35

मी आंतरराष्ट्रीय राजकारण शिकतेय. इथे अजून कुणी अण्वस्त्रांचं नाव घेतलं नाही म्हणून लिहिते.

पृथ्वी-2 अण्वस्त्र नेऊ शकतं आणि साधं वॉरहेडही. यातच गोची आहे. समजा लढाईत एक पृथ्वी उडालं. समोरच्याला रडारवर एक ठिपका दिसतो. आत काय आहे ते पडल्यावरच कळणार, आणि हातात चार मिनिटं. तो सगळ्यात वाईट शक्यता धरून उत्तर देऊ शकतो. म्हणून साध्या वॉरहेडसाठी वेगळं क्षेपणास्त्र हवं, ज्याला अण्वस्त्राशी देणंघेणं नाही असं आधीच माहीत आहे. प्रलयचं माझ्या दृष्टीने खरं महत्त्व हे. वेग आणि वळणं नंतर.

नस्र उलट्या टोकाला आहे. 60-70 किमी पल्ल्याचं अण्वस्त्र पाकिस्तानने जाहीरपणे भारताच्या चिलखती तुकड्यांसाठी बनवलं. भारताने 4 जानेवारी 2003 ला आपलं अण्वस्त्र धोरण जाहीर केलं, त्यात पहिला वापर नाही, पण भारतावर किंवा कुठेही असलेल्या भारतीय सैन्यावर अण्वस्त्र हल्ला झाला तर प्रत्युत्तर प्रचंड असेल, असं लिहिलंय. कुठेही म्हणजे पाकिस्तानच्या हद्दीत असलेल्या तुकडीवर टाकलं तरी. लहान अण्वस्त्राला लहान उत्तर, असा हिशोब भारताने कागदावर तरी ठेवलेला नाही.

जय_खान्देश, रविवार रात्री 8:50

मग नस्र निव्वळ धमकी! टाकायची हिंमतच होणार नाही.

निवृत्त_गनर, रविवार रात्री 9:10

बाळा, पल्ला 60 किमी असला की लाँचर सीमेजवळ आणावा लागतो. सीमेजवळ आणला की तो आमच्या तोफांच्या, पिनाकाच्या, विमानांच्या टप्प्यात येतो. तिथला अधिकारी विचार करणार, आत्ता वापरलं नाही तर हातचं जाईल. अशा घाईत, धुरळ्यात, तुटलेल्या वायरलेसवर अण्वस्त्राचा निर्णय. शत्रूकडे हिंमत नाही यावर मी माझी तुकडी कधीच लावली नसती.

मेहरूणकर_मीरा, रविवार रात्री 9:32

काकांशी पूर्ण सहमत. आणि एक भर, जिचा बातम्यांत क्वचितच उल्लेख होतो. 3 ऑक्टोबर 2005 ला दोन्ही देशांनी बॅलिस्टिक क्षेपणास्त्र चाचण्यांची आगाऊ सूचना देण्याचा करार केला. किमान तीन दिवस आधी कळवायचं. उड्डाणाची जागा सीमेपासून किंवा ताबारेषेपासून 40 किमीच्या आत नको आणि पडण्याची जागा 70 किमीच्या आत नको. प्रत्येक चाचणीच्या वेळी आपण टीव्हीवर "शत्रूला धडकी" ऐकतो, तेव्हा शत्रूच्या टेबलावर त्याची चिठ्ठी आधीच पोचलेली असते.

यात क्रूझ क्षेपणास्त्रं नाहीत. 9 मार्च 2022 ला आपलं ब्रह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडलं. वॉरहेडचा स्फोट झाला नाही, कुणी दगावलं नाही. तेव्हाही क्रूझवाल्यांना या करारात घ्या, अशी चर्चा झाली होती.

हिशोबी, रविवार रात्री 9:45

हे मात्र नवीन कळलं. चिठ्ठीचं.

बोरीकाठ, सोमवार रात्री 8:05

आज वर्गात हा धागा वाचून दाखवला (पारोळेकर भाऊंच्या बँकेसकट). एका मुलीने प्रश्न विचारला, तो इथे टाकतो. 28 आणि 29 जुलै 2025 ला प्रलयच्या लागोपाठ दोन चाचण्या झाल्या, कमाल आणि किमान पल्ला तपासायला. तिचं म्हणणं, 500 किमी जाणाऱ्याला 150 किमी जाणं काय अवघड? त्याची चाचणी कशाला?

निवृत्त_गनर, सोमवार रात्री 8:30

मुलगी हुशार आहे. तोफेत आम्ही दारूच्या पिशव्या कमी करायचो. लांब मारायचं तर सगळ्या भरा, जवळ मारायचं तर दोन काढा. मिसाईलमधल्या पिशव्या काढता येत नाहीत.

वरणगाव_रोड, सोमवार रात्री 8:41

बरोबर. द्रवइंधनाचं इंजिन मध्येच बंद करता येतं, पृथ्वीत तेच सोयीचं होतं. घनइंधन पेटलं की संपेपर्यंत जळणार.

बोरीकाठ, सोमवार रात्री 9:20

म्हणजे 500 किमीची ऊर्जा अंगात घेऊन 150 किमीवर उतरायचं. उरलेला वेग कुठेतरी घालवायलाच हवा. एक वाट म्हणजे 45 अंशांपेक्षा जास्त उभं सोडायचं. गणित केलं: सेकंदाला 2.2 किमी वेगाने 150 किमीवर पडायचं असेल तर कोन सुमारे 81 अंश हवा, आणि उंची जाते 240 किमीवर. वेळ साडेसात मिनिटांच्या आसपास, म्हणजे 500 किमीपेक्षाही जास्त! रडारला आयतं ताट वाढल्यासारखं.

दुसरी वाट, खालच्या हवेत राहून नागमोडी वळणं घेत वेग हवेत झिजवायचा. पण त्यात सांगाड्यावर ताण, पंखांवर उष्णता, आणि प्रत्येक वळणानंतर आपण नेमके कुठे आहोत हे आतल्या यंत्रणेने विसरता कामा नये. त्यामुळे किमान पल्ल्याची परीक्षा एका अर्थाने कमाल पल्ल्याहून कठीण.

तिने लगेच पुढचं विचारलं: मग 150 च्या आतल्या लक्ष्याचं काय?

निवृत्त_गनर, सोमवार रात्री 9:34

त्याला पिनाका आहे, तोफा आहेत. तिला सांगा, देवळालीचं तोफखाना संग्रहालय बघून ये. आणि फिजिक्स सोडू नको.

वरणगाव_रोड, सोमवार रात्री 9:50

इंजिनिअरिंगनंतर गेटची परीक्षा द्यायला सांगा. डीआरडीओत सायंटिस्ट-बी ची भरती गेटच्या गुणांवर होते. पुण्याच्या प्रयोगशाळा तर एका रात्रीच्या रेल्वेवर.

भुसावळ_जंक्शन, सोमवार रात्री 9:58

रिझर्व्हेशन आधी करायला सांगा, दिवाळीत वेटिंग असतं.